डोळ्यांना दिसले ते छायाचित्रात का येत नाही?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शाळांच्या सहली जातात. कान्हेरी लेण्यांच्या टेकडीवरून मुले हौसेने जंगलाची छायाचित्रे काढतात आणि घरी येऊन पाहिली की हिरमुसतात. आकाश पांढरे फटक, झाडांखाली काळोख, आणि दूरचे डोंगर म्हणजे फिकट रेघ! असे का होते? डोळा आणि कॅमेरा यांतील फरक आपण समजून घेतला, तर साध्या मोबाईलनेही चांगले चित्र मिळते.

पहिला फरक प्रकाश मोजण्याचा. नजर आकाशाकडून सावलीकडे वळली की डोळा लगेच जुळवून घेतो. कॅमेरा मात्र साऱ्या दृश्याला एकच माप लावतो. मोबाईलमधील ‘एचडीआर’ ही सोय कमी-अधिक उजेडाची अनेक चित्रे जोडून ही अडचण कमी करते, पण पूर्णपणे नाही. म्हणून पडद्यावर उजळ भागावर बोट टेकवून प्रकाश ठरवावा. सावलीतला तपशील मागाहून थोडा उजळता येतो. पांढऱ्या पडलेल्या आकाशात तपशील उरलेलाच नसतो. फ्लॅशचा येथे उपयोग नाही. अंतर दुप्पट झाले की त्याचा प्रकाश चौथाई होतो. डोंगरापर्यंत तो पोहोचणार कसा?

दुसरी गोष्ट वेळेची. जमिनीचा चढउतार चित्रात सावल्यांमुळेच कळतो. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास भर दुपारी सूर्य येथे थेट डोक्यावर येतो, सावल्या पायाखाली जातात आणि डोंगर सपाट दिसतो. सकाळी किंवा उतरत्या दुपारी, सूर्य आपल्या बाजूला असताना, तोच डोंगर उठून दिसतो.

तिसरी गोष्ट हवेची. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतात. म्हणून दूरचे डोंगर निळसर दिसतात. धूळ, धूर आणि धुके यांचे कण मोठे असल्याने सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात आणि दृश्य पांढुरके होते. हिवाळ्यात सकाळी जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही, त्यामुळे धूर खालीच कोंडतो. पावसाची सर हवा धुऊन काढते. सर थांबल्यानंतरची वेळ दूरच्या दृश्यासाठी उत्तम.

चौथी गोष्ट खोलीची. मोबाईलचे नेहमीचे भिंग रुंद दृश्य टिपते, त्यामुळे डोंगर लहान दिसतो. चित्रात जवळचा एखादा खडक किंवा फांदी घ्यावी. पायऱ्यांवर उभा विद्यार्थी असला तर आकारमानही कळते. मात्र चित्रासाठी ओल्या कातळाच्या कडेला जाऊ नये, वाट सोडू नये. हे बिबट्यांचेही घर आहे.

सहलीत एक प्रयोग करावा. एकाच जागेवरून, एकाच दिशेने सकाळी, दुपारी व सायंकाळी चित्र काढावे. सावल्यांची लांबी, डोंगराचा रंग आणि आकाशाचा उजळपणा यांची वर्गात तुलना करावी. वरील कारणांपैकी कोणते कोठे लागू पडते, हे विद्यार्थ्यांनीच सांगावे.