मतदार, इयत्ता सहावी

आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समिती अनेकदा कशी बनते, ते पालकसभेला गेलेल्यांना ठाऊक आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी एक नाव सुचवतं, दुसरा ‘अनुमोदन’ म्हणतो, टाळ्या होतात. ज्याचं नाव सुचवलं तो त्या दिवशी बहुधा आलेलाच नसतो!

अमेरिकेत मात्र याच्या जवळपासच्या कामासाठी रीतसर निवडणूक होते. तिथे सुमारे 13 हजार शाळा-जिल्हे आहेत. हा जिल्हा आपला कलेक्टरवाला नव्हे, फक्त शाळांपुरती आखलेली हद्द. बहुतेक प्रत्येकाला स्वतःचं स्कूल बोर्ड. हवाई राज्याची गंमत वेगळी: अख्ख्या राज्याचा मिळून एकच जिल्हा. तिथलं बोर्ड पूर्वी निवडून यायचं, 2010 मध्ये मतदारांनीच कौल दिला की राज्यपालांनी नेमावं. म्हणजे मतदान करून मतदान बंद केलं.

बोस्टनमध्येही नेमणूकच, पण जरा लाजतकाजत. आधी 13 जणांचं एक मंडळ नावं सुचवतं, मग त्या यादीतून मेयर सात जण निवडतो. शिकागोत उलटा प्रवास. तिथे मेयरच बोर्ड नेमायचा. शहराच्या इतिहासातली पहिली बोर्ड-निवडणूक झाली थेट नोव्हेंबर 2024 मध्ये. तीही अर्धीमुर्धी: 21 पैकी 10 जण मतदारांचे, 11 मेयरचे. उमेदवारी अर्जासोबत किमान हजार सह्या हव्या होत्या. सह्या आल्या की छाननी आली, हरकती आल्या, वकील आले. हे आपल्याला समजावून सांगायला नको.

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये अर्ज भरायच्या पहिल्या दिवशी कचेरी उघडण्याआधीच उमेदवार रांगेत उभे असतात. ओढ कसली, तर मतपत्रिकेवर पहिलं नाव आपलं असावं. दार उघडताना जे हजर, ते सगळे एकाच वेळी आले असं धरतात आणि मग सोडत काढतात. कॅलिफोर्नियाने तर वर्णमालेलाच शिस्त लावली. 1975 पासून दर निवडणुकीआधी अक्षरांच्या चिठ्ठ्या काढून नवा क्रम ठरतो. ‘ए’ने सुरू होणाऱ्या आडनावाचा जन्मसिद्ध फायदा तिथे संपला. हजेरीपटावर आयुष्यभर शेवटी बसलेल्यांना हा कायदा फार आवडेल.

बहुतेक ठिकाणी मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं. पेनसिल्व्हेनियात पक्ष असतात, पण स्कूल बोर्डाचा उमेदवार रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट अशा दोन्ही पक्षांच्या प्राथमिक फेरीत एकाच वेळी उतरू शकतो! दोन्ही जिंकला तर नोव्हेंबरात दोन्हीकडून तोच. पक्षांतर न करता दोन्ही घरचा पाहुणा. एवढं करून पगार शून्य. लॉस एंजेलिसची गोष्ट न्यारी. 2017 मध्ये तिथल्या बोर्डाच्या निवडणुकीत सुमारे दीड कोटी डॉलर उधळले गेले. त्याच वर्षी दुसरी नोकरी नसलेल्या सदस्याचं वार्षिक मानधन 45,637 वरून 1,25,000 डॉलरवर गेलं.

टेक्सासात जागा तेवढेच उमेदवार असतील तर निवडणूक रद्दच करता येते. बिनविरोध! गुलाल मात्र नाही.

या चिमुकल्या निवडणुकीचा मला आवडणारा गुण वेगळाच आहे. मोठ्या दारातून ज्यांना आत घेतलं नाही, ते या खिडकीतून आत आले. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला 1920 मध्ये. पण केंटकीने 1838 मध्येच ग्रामीण भागातल्या, मालमत्ता असलेल्या विधवा आणि अविवाहित स्त्रियांना शाळेपुरतं मत दिलं होतं. मुलांचं बायकाच बघतात, मग बघू देत, असा हिशेब असावा.

मॅसॅच्युसेट्सनेही 1879 मध्ये स्त्रियांना शाळेपुरतं मत दिलं. कॉन्कर्ड गावात मतदार म्हणून नाव नोंदवणारी पहिली बाई होती ‘लिटल विमेन’ची लेखिका लुइसा मे अल्कॉट. मार्च 1880 च्या ग्रामसभेत वीस बायकांनी शाळा समितीसाठी मतं टाकली. शेवटची चिठ्ठी पडते न पडते तोच एका गृहस्थाने सूचना मांडली: मतदान आता बंद करावं. सूचना मंजूर झाली. पुरुषांनी अजून मत टाकलंच नव्हतं! त्या वर्षीची समिती निव्वळ बायकांच्या मतांवर निवडून आली.

नंतर याच खिडकीतून नागरिकत्व नसलेले पालकही आले. न्यूयॉर्कच्या वॉर्डनिहाय बोर्डांसाठी 1970 पासून, ती बरखास्त होईपर्यंत. सॅन फ्रान्सिस्कोत 2018 पासून. आणि आता शाळकरी पोरं. मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीत बोर्डावरचा एक सदस्य विद्यार्थी असतो आणि त्याला निवडतात विद्यार्थीच, सहावीपासून पुढचे.

शेजारच्या हॉवर्ड काउंटीतही तसंच. 2020 मध्ये करोनात शाळा उघडायच्या की नाही यावर तिथे मोठी माणसं विभागली गेली, विद्यार्थी सदस्याच्या मताने बरोबरी झाली आणि शाळा उघडण्याचा ठराव पडला. चिडलेले दोन पालक कोर्टात गेले: अठरा पूर्ण नसलेल्याला कसलं मत? प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं. 2022 मध्ये निकाल आला, विद्यार्थ्याच्या बाजूने.