तीनशे ग्रॅमचं वजन

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मध्यम आकाराचे तीन कांदे ठेवा. आकडा तीनशे ग्रॅमच्या आसपास थांबेल. रुगर या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये आणलेलं ‘एलसीपी मॅक्स’ हे खिशातलं पिस्तूल रिकामं असताना तेवढंच भरतं. लांबी १३ सेंटिमीटर, जाडी जेमतेम दोन. पँटच्या पुढच्या खिशात घातलं तर बाहेरून पाकीटच वाटावं. २००८ साली आलेल्या याच जातीच्या पहिल्या पिस्तुलात सात काडतुसं मावत. जवळजवळ तेवढ्याच अंगाच्या या नव्या पिस्तुलात अकरा मावतात, दहा मॅगझीनमध्ये आणि एक नळीत. सगळी भरली की वजन चारशे ग्रॅमच्या घरात जातं.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, वय २१ पूर्ण असलेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला असं पिस्तूल खिशात बाळगायला परवाना लागत नाही. २०२४ अखेर ५० पैकी २९ राज्यांत अशी मोकळीक होती. म्हणजे ह्यूस्टन-डॅलसमध्ये घर केलेल्या मराठी कुटुंबापुढेही हा प्रश्न येऊ शकतो: घ्यावं का? त्याचं उत्तर शोधायचं तर हे पिस्तूल ग्रॅमखेरीज आणखी काही मापांनी तोलून पाहायला हवं.

आधी आत डोकावू. चाप ओढल्यावर काडतुसातली दारू पेटते. या पिस्तुलात बसणाऱ्या .३८० काडतुसासाठी ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा आहे २१,५०० पीएसआय. मोटारीच्या टायरमध्ये आपण ३२-३३ भरतो. म्हणजे हा दाब टायरच्या साडेसहाशे पट. पृथ्वीवरची सर्वांत खोल जागा, प्रशांत महासागरातली मारियाना गर्ता, सुमारे ११ किलोमीटर खोल आहे आणि तिच्या तळाशी पाण्याचा दाब वातावरणाच्या अकराशे पटींजवळ जातो. या नळीत तो साडेचौदाशे पटींपर्यंत चढू शकतो, तोही हातात धरलेल्या, तीन कांद्यांच्या वजनाच्या वस्तूत.

या दाबाने सहा ग्रॅमची गोळी पुढे ढकलली जाते. नळीत तिला धावायला मिळतात जेमतेम सहा सेंटिमीटर. तेवढ्यात ती शून्यावरून सेकंदाला सुमारे २७० मीटर, म्हणजे ताशी साडेनऊशे किलोमीटरच्या पुढे जाते. हा प्रवास अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत संपतो. डोळ्याची पापणी एकदा लवेपर्यंत असे दोनशेहून जास्त प्रवास होतील. गोळीचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ६० हजार पटींवर जातो. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी सोसतात तो तीन-चार पट असतो. नळीतल्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती मिनिटाला सुमारे ४० हजार फेरे घेत बाहेर पडते. आपल्या डोक्यावरचा पंखा पूर्ण वेगात साडेतीनशे घेतो.

मात्र गोळीतली एकूण ऊर्जा फार नाही. सव्वादोनशे ज्यूल. पाण्याने भरलेली वीस लिटरची बादली जमिनीवरून कमरेच्या थोडं वर उचलायला एवढीच लागते, आणि ती आपण रोज खर्च करतो. फरक वेळेचा आणि जागेचा आहे. तीच ऊर्जा अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी वेळात दिली गेली की त्या क्षणापुरती शक्ती सुमारे पाचशे किलोवॉट होते. पाच अश्वशक्तीचे सुमारे १३० शेतपंप एकाच वेळी सुरू करा, तेवढी. आणि ती सगळी नऊ मिलिमीटर व्यासाच्या टोकावर एकवटते. माणसाचं शरीर बादली उचलू शकतं, पण हा आघात सोसण्यासाठी ते घडलेलं नाही.

पिस्तूल हलकं असण्याची किंमत हात मोजतो. गोळी पुढे जाते तसं पिस्तूल मागे येतं, आणि ते जितकं हलकं तितका धक्का जास्त. हेच काडतूस एक किलोच्या पिस्तुलातून उडवलं तर धक्क्याची जेवढी ऊर्जा मनगटावर येईल, त्याच्या अडीच पट या चारशे ग्रॅमच्या पिस्तुलातून येते. शिवाय अंग आखूड म्हणून नेम धरायच्या दोन खुणाही जवळ. त्यांच्यातलं अंतर १० सेंटिमीटर धरलं, तर पुढची खूण एक मिलिमीटर सरकली की सात मीटरवर गोळी सात सेंटिमीटर बाजूला जाते. घाबरलेला हात एका मिलिमीटरवर थांबत नाही. खिशात घेऊन फिरायला सर्वांत सोयीचं पिस्तूल चालवायला सर्वांत अवघड असतं, म्हणून त्याला सर्वांत जास्त सराव लागतो.

सराव असलेल्यांचे आकडे आहेत. न्यू यॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा रँड संस्थेने अभ्यास केला. १९९८ ते २००६ या काळात, समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभर गोळ्यांपैकी सरासरी १८ लागल्या. तेच प्रमाण या पिस्तुलाच्या अकरा गोळ्यांना लावा. दोन लागतील, नऊ दुसरीकडे कुठेतरी जातील. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती बहुधा जिप्समच्या पातळ पाट्यांच्या असतात आणि गोळी त्या भेदते. त्या नऊ गोळ्यांचा हिशेबही चाप ओढणाऱ्याच्याच नावावर चढतो.

या काडतुसाचा इतिहासही तोलायला हवा. जॉन ब्राउनिंग यांनी ते १९०८ मध्ये बनवलं. युरोपात त्याला ‘आखूड नऊ मिलिमीटर’ म्हणतात. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपच्या पिस्तुलात हीच काडतुसं होती. त्याने दोन गोळ्या झाडल्या, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नी सोफी गेल्या. महायुद्ध त्या दोन गोळ्यांमुळेच झालं असं नाही, पण सुरुवात तिथून झाली आणि चार वर्षांत जवळपास एक कोटी सैनिक मेले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत पुण्याच्या नथुराम गोडसेच्या हातात ग्वाल्हेरहून मिळवलेलं बेरेटा होतं. काडतूस तेच. तीन गोळ्यांत गांधीजी गेले. त्या तिन्हींचं वजन मिळून वीस ग्रॅमही भरत नाही, आणि त्यांची धग महाराष्ट्रातल्या गावोगावी घरं जळण्यापर्यंत पोचली. गोळीचं वजन आणि तिच्या परिणामाचं वजन यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो, हे आपल्याकडच्या कित्येक घरांनी सोसून पाहिलं आहे.

आता संख्या. २०२१ या एका वर्षात अमेरिकेतल्या कारखान्यांनी सुमारे साडेसदुसष्ट लाख पिस्तुलं बनवली. रायफली, शॉटगन, रिव्हॉल्व्हर यांत धरलेली नाहीत. दर पाच सेकंदांना एकाहून जास्त. सगळी या एलसीपी मॅक्सएवढीच छोटी मानून एकापुढे एक ठेवली, तर रांग ८८० किलोमीटर होईल. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे; तो संपूनही पावणेदोनशे किलोमीटर रांग उरेल. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या अंदाजाने २०१७ मध्ये अमेरिकी नागरिकांकडे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे शंभर माणसांमागे १२०. भारतात याच अंदाजाने शंभरामागे पाच-सहा. २०१९ मध्ये सुमारे ६० लाख अमेरिकी प्रौढ रोज पिस्तूल जवळ बाळगून घराबाहेर पडत होते; चारच वर्षांपूर्वी ही संख्या तिच्या निम्मी होती. मुंबईच्या लोकलमध्ये दिवसाला सुमारे ७५ लाख प्रवासी असतात. त्या गर्दीतल्या दर पाचांपैकी चौघांच्या खिशात पिस्तूल आहे असं डोळ्यांपुढे आणा, म्हणजे आकार कळेल.

एवढी माणसं ते घेतात, कारण स्वतःचं रक्षण करायचं असतं. ही भीती खोटी नसते आणि तिची कुणी टवाळी करू नये. पण गरज किती वेळा पडते? इथे आकडेच डगमगतात. १९९३ मध्ये गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी ४,९७७ जणांना फोनवर विचारलं आणि स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा वापर वर्षाला सुमारे २५ लाख वेळा होतो असा अंदाज काढला. सरकारच्या गुन्हेपीडित सर्वेक्षणातून २००७ ते २०११ साठी निघणारा आकडा वर्षाला ६५ ते ७० हजारांचा. दोन्हींत ३५ पटींहून जास्त अंतर आहे. दुर्मीळ घटना मोजताना असं होतं. तेव्हाच्या सुमारे १९ कोटी प्रौढांपैकी शंभरात एकाने जरी चुकीचं ‘हो’ सांगितलं, तरी १९ लाख खोटे प्रसंग कागदावर उभे राहतात. दुकानात उभ्या माणसाचा निर्णय अशा आकड्यावर टेकलेला असतो.

दुसऱ्या पारड्यातले आकडे मृत्युदाखल्यांवरून मोजलेले आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. वानखेडे स्टेडियम काठोकाठ भरलं तर सुमारे ३३ हजार लोक बसतात, म्हणजे जवळपास दीड वानखेडे. यांतल्या २०,९५८ हत्या होत्या आणि २६,३२८ आत्महत्या. चोराच्या, हल्लेखोराच्या भीतीने जी वस्तू घरात येते, तिने दर वीस मिनिटांना एक माणूस स्वतःचा जीव घेतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाख प्रौढांचा बारा वर्षांचा माग घेतला. हातबंदूक असलेल्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण, ती नसलेल्या पुरुषांच्या जवळजवळ आठपट निघालं. स्त्रियांमध्ये ३५ पट.

या अंधारात एक आकडा धीर देणारा आहे. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणजे ती वेळ टळली की बहुतेक माणसं जगतात. तेवढ्यापुरतं पिस्तूल कुलपात असणं, किल्ली दुसऱ्याकडे असणं, ते घराबाहेर असणं, अमेरिकेत ९८८ या मदत क्रमांकावर एक फोन केला जाणं, यातलं काहीही पुरेसं ठरू शकतं. अर्ध्या मिलिसेकंदाच्या वस्तूपुढे माणसाला हवा असतो तो वेळ.

तरीही घ्यायचंच ठरलं, तर घेण्याआधी अनुभवी शिक्षकाकडे ते चालवून पाहावं, सरावाला महिन्याचे तास बाजूला ठेवावेत, आणि पिस्तुलाच्या किमतीतच तिजोरीची किंमत धरावी. पण त्याही आधी एकदा घरची माणसं मोजावीत. शाळेतून येणारं पोर, नोकरी गेलेला भाऊ, हिवाळ्याच्या लांब संध्याकाळी एकटी बसणारी आई. वरच्या कितीतरी आकड्यांत अंदाज आहे, पण हा आकडा आपल्याला अचूक माहीत असतो. ते तीनशे ग्रॅम या प्रत्येक माणसाशेजारी ठेवून तोलावेत, आणि मगच काउंटरवर हात पुढे करावा.