निर्देशांकाची समभागसूची : रचना आणि अद्ययावतता

संगणकाला नियम घालून देऊन त्याच्याकरवी समभागांची खरेदी-विक्री करावयाची, तर ते नियम कोणत्या समभागांना लावावयाचे हे प्रथम ठरवावे लागते. सामान्यतः त्यासाठी एखाद्या निर्देशांकाची सूची स्वीकारली जाते. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचा ‘निफ्टी ५०’ हे याचे परिचित उदाहरण होय.

ही सूची स्थिर नसते. वर्षातून दोनदा तिचा फेरविचार होतो; अपवादात्मक प्रसंगी मध्येच बदल करावा लागतो. ७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम कॉम्प्युटर’च्या अध्यक्षांनी हिशेबातील अफरातफरीची कबुली दिली. त्या एकाच दिवशी समभागाचा भाव तीनचतुर्थांशाहून अधिक कोसळला आणि काही दिवसांतच कंपनी निर्देशांकातून वगळण्यात आली.

आता आजची सूची हाती घेऊन कोणी २००५ ते २०१० या काळावर आपल्या नियमांची परीक्षा केली, तर हा तोटा त्याच्या हिशेबात येणारच नाही. उलट, पुढे भरभराटीस आल्यामुळेच सूचीत प्रविष्ट झालेल्या कंपन्यांचा नफा मात्र जमेस धरला जाईल. अशा परीक्षेत नियम यशस्वी ठरतो तो स्वतःच्या गुणाने नव्हे, तर निकाल आधीच ठाऊक असल्यामुळे.

यावर उपाय म्हणजे सूचीऐवजी सदस्यत्वाची नोंदवही ठेवणे. प्रत्येक समभागापुढे बदल घोषित झाल्याची, प्रवेशाची व निर्गमनाची अशा तारखा स्वतंत्रपणे लिहाव्यात. घोषणा आणि अंमलबजावणी यांत बहुधा काही आठवड्यांचे अंतर असते. घोषणेपूर्वी ती माहिती नियमास उपलब्ध होता कामा नये. जुनी नोंद कधीही पुसू नये.

ओळखक्रमांकाबाबतही सावधगिरी हवी. कंपन्यांची नावे बदलतात. समभागाचे दर्शनी मूल्य विभागले गेले की त्याचा आयसिन क्रमांकही बदलतो. म्हणून नोंदवहीस स्वतःचा कायम क्रमांक असावा.

शेवटी, प्रत्येक दिवसाची सदस्यसंख्या मोजून पाहावी. ती पन्नास न भरल्यास चूक संभवते. परंतु चूकच असेल असे नाही. जुलै २०२३ मध्ये ‘रिलायन्स’पासून ‘जिओ फायनान्शियल’ विभक्त झाल्यावर काही काळ निर्देशांकात ५१ समभाग होते. संख्या जुळविण्यासाठी अशी नोंद खोडणे म्हणजे प्रत्यक्ष इतिहासच खोडणे होय.