सामान ट्रकमध्ये, माणूस सायकलवर

रविवारी सकाळी दिंडोरी रस्त्यावर नाशिकचे सायकलवाले हमखास दिसतात. डोक्याला हेल्मेट, अंगाला चिकटलेली जर्सी, पाठीच्या खिशात खजूर आणि केळं. वणीपर्यंत यायचं, मिसळ खायची, ऊन चढायच्या आत माघारी. याला सहल म्हणायला माझी हरकत नाही. पण सायकल सहलीचा खरा कस लागतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. मांड्या धरलेल्या असतात, बूड दुखत असतं, आणि तरी त्याच सीटवर पुन्हा बसायचं असतं. तिथून पुढं पायांच्या ताकदीपेक्षा रात्रीचा मुक्काम, जेवण आणि सामान यांना जास्त किंमत येते.

नाशिक जिल्ह्याला हे शिकवायची गरज नाही. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते ती सिन्नर, नगर, करमाळा करत जवळपास चार आठवड्यांनी पंढरपुरात पोचते. वारकरी हलक्या अंगानं चालतो, कारण तंबू, गाद्या आणि मोठी पातेली ट्रकमधून पुढं गेलेली असतात. दिंडी पोचते तेव्हा चूल पेटलेली असते. हरीश बैजल या पोलीस अधिकाऱ्यांच्या पुढाकारानं २०१२ साली नाशिक–पंढरपूर सायकल वारी सुरू झाली, तेव्हा हा साचा तयारच होता. फक्त पावलांच्या जागी चाकं आली. आता ही वारी नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनच्या नावानं ओळखली जाते. आषाढीच्या आधी निघायचं आणि तीन दिवसांत पोचायचं. पहिला मुक्काम नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. हाच टप्पा सगळ्यांत लांब, दीडशे किलोमीटरच्या वरचा. दुसरा मुक्काम टेंभुर्णी. तिसऱ्या दिवशीचा रस्ता थोडाच, आणि शेवटी पंढरपुरात सायकलींचं रिंगण. पालखीतल्या अश्वाच्या रिंगणाची सर त्याला येत नाही असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही; पण तीन दिवस वारा खाऊन आलेल्या माणसांचा तो आनंद खोटा नसतो.

घोळक्यानं सायकल चालवण्यात शास्त्रही आहे. सपाट रस्त्यावर वेग वाढला की चालवणाऱ्याची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. पुढच्याच्या चाकामागं नेटकं अंतर ठेवून चाललं, तर मागच्याचे कष्ट चौथाईनं, कधी त्याहून जास्त कमी होतात. म्हणून पुढचा माणूस आळीपाळीनं बदलायचा. मात्र खड्डा, कुत्रा किंवा उसाची ट्रॉली दिसताच हातानं खूण करणं आणि ओरडणं ही पुढच्याची जबाबदारी. एक जण चुकला की चौघं पडतात. सगळ्यांच्या मागं एक गाडी हवी, पंक्चर काढणारा माणूस आणि थकलेल्याला उचलून घेण्याइतकी जागा असलेली. त्या गाडीत बसण्यात कमीपणा मानणारी मंडळी सगळ्या जथ्याला तासभर उशीर करतात.

शर्यतीचं जग वेगळं. नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघातून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, रात्रंदिवस. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापायची सायकलफेरी; तिथंही घड्याळ मानेवर असतंच, २०० किलोमीटरला साडेतेरा तास. सहलीत हे घड्याळ नसतं. चहाला थांबता येतं, एखाद्या मळ्यात शिरून टोमॅटोचा भाव विचारता येतो.

जगात अशा सहली कशा वाढल्या ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत आयोवा राज्यात एका वर्तमानपत्राच्या दोन लेखकांनी १९७३ मध्ये राज्य आडवं पार करायची टूम काढली. ती सहल अजून दरसाल निघते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याची दीडशे वर्षं साजरी करायला १९८४ साली ‘ग्रेट व्हिक्टोरियन बाइक राइड’ निघाली, वोडोंगा ते मेलबर्न. बेत एकदाच काढायचा होता. आले मात्र सुमारे २,१०० लोक, आणि मग ती पुढंही वर्षानुवर्षं निघत राहिली. २००४ मध्ये समुद्रकाठच्या ग्रेट ओशन रोडवर ८,१०० सायकली होत्या. गव्हाची शेतं, मेंढ्यांची कुरणं, मधेच दोन-तीन हजार वस्तीचं गाव, आणि त्या गावाच्या मैदानावर एका रात्रीसाठी गावापेक्षा मोठी तंबूंची वस्ती. सामान ट्रकनं यायचं, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरंही चाकांवर. आपल्या वारकऱ्याला यात नवल वाटू नये.

मग वणीचं काय? चैत्रात खान्देशातून पायी येणारे जथे आणि कोजागरीला नद्यांचं पाणी घेऊन येणारे कावडीवाले सप्तशृंगी गडाच्या वाटेवर असतात. त्यांना पाणी पाजणं, जेवू घालणं या भागाच्या अंगवळणी पडलेलं आहे. सायकलवाल्यांच्या मुक्कामी सहलीला मात्र वणी अजून वाटेवरचं गावच वाटतं. तीन दिवसांचा रस्ता डोळ्यांसमोर आहे. पहिल्या दिवशी नाशिकहून दिंडोरीमार्गे वणी, द्राक्षबागांमधून. हा टप्पा नवख्यांनाही झेपेल. दुसऱ्या दिवशी सापुताऱ्याच्या रस्त्यानं बोरगाव आणि हातगड. इथं बागा संपतात आणि नागली, वरई, भाताची शेतं लागतात. थंडीत बोरगावच्या आसपास रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विकायला असते. तिसऱ्या दिवशी कनाशी, अभोणा, नांदुरी करत परत वणी.

या फेरीत एक गंमत आहे, ती मोटारीत कळत नाही. वणीच्या ओढ्यांचं पाणी कादवेतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडं जातं. सुरगाण्याकडचं नार-पारमधून पश्चिमेला गुजरातेत उतरतं. अभोण्याचं गिरणेतून तापीला. तीन दिवसांत तीन खोरी, आणि प्रत्येक खोऱ्याची कड चढताना गुडघ्यांना नेमकी समजते. नांदुरीपाशी सातमाळा ओलांडताना एका बाजूला मार्कंड्या, दुसरीकडं सप्तशृंग. १६७० साली सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांची मोगलांशी लढाई झाली ती याच वणी-दिंडोरीच्या मुलखात. ज्याच्या पायात दम असेल त्यानं नांदुरीहून गडाचा दहा-अकरा किलोमीटरचा घाट चढावा. इतरांनी सायकल खाली ठेवून एसटीनं जावं, देवी रागावत नाही.

अडचणी आहेतच. सापुताऱ्याच्या रस्त्यावर दिवाळीच्या सुट्टीत गुजरातच्या मोटारींची रांग लागते, त्यामुळं तुळशीच्या लग्नानंतरचे आठवडे बरे. पण तेव्हा शाळा भरलेल्या असतात आणि मुक्कामाला व्हरांडे मिळत नाहीत. मंगल कार्यालयं लग्नांनी भरू लागतात. मळ्यातल्या शेडवर झोपायची तयारी असेल तर प्रश्न सुटतो, फक्त छाटणीनंतर बागांत फवारणी चालते, तेव्हा शेतकऱ्याला आधी विचारावं. शिवाय घाटात उतरताना ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते. मधूनमधून सोडावे, वळणाच्या आधी दाबावे. नव्या ब्रेक पॅडचा एक जोड आणि जादा ट्यूब मागच्या गाडीत असू द्यावी. अभोण्याच्या बाजूला तुमच्या मापाची ट्यूब मिळेल असं धरून चालू नये.