गाडीच्या पोटाखाली : आधी बंद लांबी

शॉकमधल्या व्हॉल्व्हचा विषय या आठवड्यात घ्यायचं कबूल केलं होतं. तो पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण मध्येच कोल्हापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आला आणि त्याचा निकाल लावल्याशिवाय व्हॉल्व्हबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

त्यांच्याकडे इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे. पुढे स्ट्रटच्या माथ्यावर स्पेसर, मागे लांब शॅकल आणि पाट्यांमध्ये एक जादा पाटा, अशी आपण बोललो तीच स्वस्तातली लिफ्ट त्यांनी करून घेतली. मागचे मूळ शॉक आखूड पडायला लागले, म्हणून दुसऱ्या एका मोठ्या गाडीचे लांब शॉक बसवले. थोड्याच दिवसांत एका शॉकचा वरचा डोळा वेल्डिंगपाशी तुटला आणि दुसऱ्यातून तेल गळायला लागलं. आता ते विचारतात, याहून मजबूत शॉक कोणत्या कंपनीचा घेऊ?

कोणत्याच कंपनीचा नको. त्यांनी पाठवलेल्या फोटोत ॲक्सलवरच्या बंपस्टॉपच्या जागी धूळ जशीच्या तशी बसलेली दिसते. रबराचा गट्टू तिथे टेकलेलाच नाही. म्हणजे गट्टू टेकायच्या आधीच शॉक आतून पूर्ण बंद होत होता, आणि मोठ्या खड्ड्यात जवळपास दोन टनांच्या गाडीचा सगळा दणका त्या डोळ्यानं आणि आतल्या दांड्यानं घेतला. शॉक तेवढ्यासाठी बनवलेलाच नसतो. शेवटचा दणका घेणं हे गट्टूचं काम, आणि त्याचा भार थेट चॅसीवर जातो. याहून जाड शॉक बसवला असता तर डोळा टिकला असता आणि चॅसीवरचा ब्रॅकेट फाटला असता.

लिफ्ट केलेल्या पिकअपसाठी शॉक निवडताना माझ्या मते सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणून ही: शॉकची बंद लांबी. कंपनी, रंग, कडकपणा, गॅस की तेल, हे सगळं नंतर. दुकानात मात्र सगळे खुली लांबी विचारतात. ‘दोन इंच लिफ्ट आहे, दोन इंच लांब शॉक द्या.’ हे वरवर बरोबर वाटतं, पण अर्धंच बरोबर आहे.

लांब शॅकल आणि जादा पाटा यांनी चॅसी वर उचलली जाते. (शॅकल ५० मिलिमीटर लांब केली की मागचा भाग साधारण २५ मिलिमीटर उचलतो. पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं, म्हणून निम्मा हिशेब. हे गेल्या वेळी झालं आहे.) पण गट्टू चॅसीला होता तिथेच असतो. ॲक्सल चॅसीच्या जितकं जवळ पूर्वी येऊ शकत होतं, तितकंच जवळ ते आजही येऊ शकतं. म्हणजे शॉक किती आखूड होता आला पाहिजे, ही गरज लिफ्टनं जवळजवळ बदलतच नाही. ती कारखान्यातून गाडी निघाली त्या दिवशी होती तेवढीच राहते. वाढते ती फक्त खाली लोंबतानाची लांबी. दोन्ही मिळून मागणी अशी होते की, त्याच बंद लांबीत जास्त स्ट्रोक बसवा.

आणि तिथेच अडतं. कोणताही शॉक शून्यापर्यंत बंद होत नाही. डोळे, सील, दांड्याचं गाइड, पिस्टनची जाडी, तळाचा व्हॉल्व्ह यांना जागा लागते. स्ट्रोक सोडून उरणाऱ्या या लांबीला मी मृत लांबी म्हणतो. शॉक जितका लांब खुलतो, तितका तो बंद असतानाही लांब असतो, यातून सुटका नाही. मोठ्या गाडीचा शॉक आणून बसवणं म्हणूनच धोक्याचं. त्या गाडीच्या गट्टूखाली जागाही तितकीच मोठी असते.

आकड्यांनी बघू. आकडे समजावण्यापुरते धरले आहेत. तुमच्या गाडीचे तुम्ही मोजायचे. टाकी भरलेली, हौद्यात नेहमी असतं तेवढंच सामान, गाडी सपाट जागी उभी. वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत ५०० मिलिमीटर भरलं. गट्टूच्या टोकापासून ॲक्सलवरच्या त्याच्या टेकायच्या जागेपर्यंत ९० मिलिमीटर मोकळे आहेत. मग गट्टू टेकेल तेव्हा शॉक ४१० चा असेल. पण गट्टू रबराचा आहे, जोरात टेकला की आणखी २५ मिलिमीटर दबेल. उरले ३८५. वर १० ची सूट ठेवा. शॉकची बंद लांबी ३७५ किंवा त्याहून कमी हवी. आता शॉक सोडवून चॅसी जॅकवर घ्या, खाली घोडे लावा आणि ॲक्सल लोंबू द्या. ब्रेकचा होज, हँडब्रेकची केबल आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे प्रत्येक पायरीला बघत जा. लोंबलेल्या अवस्थेत ६१० भरले, असं धरू. म्हणजे स्ट्रोक हवा २३५, आणि मृत लांबीसाठी उरले १४०.

१४० मध्ये ट्विन-ट्यूब शॉक बसू शकतो. मोनोट्यूबची मात्र पंचाईत होते. त्याच नळीत तेलाखाली तरंगता पिस्टन आणि त्यामागे दाबाखालचा नायट्रोजन असतो, त्यांना वेगळी जागा लागते. ही रचना फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बाँ यांनी १९५३ मध्ये पुढे आणली आणि १९५७ मध्ये जर्मनीच्या बिल्स्टाइननं ती मर्सिडीज-बेंझसाठी उत्पादनात आणली. मला ती फार सुंदर वाटते. तेल आणि गॅस वेगळे ठेवले म्हणून तेलाला फेस येत नाही, आणि तेलाच्या नळीला बाहेरची हवा थेट लागते म्हणून उष्णता लवकर निघून जाते. या गॅसमुळे गाडी उचलली जाते असा समज आहे, तोही जाता जाता निकाली काढू. १४ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचं क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटर भरतं. आत २० बारचा दाब धरला तरी जोर होतो तीसेक किलोचा. पिकअपच्या पाट्यांपुढे तो काहीच नाही.

पण मृत लांबी १७० धरली तर ३७५ बंद लांबीच्या मोनोट्यूबचा स्ट्रोक २०५ च येतो आणि तो ५८० ला थांबतो. म्हणजे लोंबण्यातले ३० मिलिमीटर गेले. तरीही अडचण आली की तडजोड याच बाजूला करावी, असं माझं ठाम मत आहे. खाली थोडं कमी लोंबलं तर एखादं चाक दगडावरून उतरताना लवकर हवेत जाईल. वर कमी पडलं तर ब्रॅकेट तुटेल. मात्र ३० पेक्षा बरंच जास्त जात असेल तर तो शॉक सोडून द्या. प्रत्येक गतिरोधकानंतर शॉक टोकाला जाऊन ॲक्सलला हिसका देत राहिला, तर डोळे त्यानंही फुटतात. स्वस्तातल्या लिफ्टसाठी मागे मी म्हणूनच चांगला, मोठ्या बोअरचा ट्विन-ट्यूब सुचवतो. दगडाळ वाटेवर आणखी एक फायदा होतो. मोनोट्यूबच्या नळीला पोचा आला की आतला पिस्टन तिथे अडकतो. ट्विन-ट्यूबची बाहेरची नळी थोडी चेपली तरी आतली बहुधा शाबूत राहते.

बंद लांबीच्या या अडचणीवर एक स्वस्त उपाय आहे आणि तो फार थोडे जण करतात. गट्टूच खाली आणा. गाडी ४० मिलिमीटर उचलली असेल तर गट्टू आणि चॅसी यांच्यामध्ये २० ते २५ मिलिमीटरचं घट्ट पोलादी पॅकिंग द्या, बोल्ट त्या हिशेबानं लांब घ्या. वर जायची जागा मूळ गाडीपेक्षा तरीही जास्तच उरते, आणि वरच्या उदाहरणातली बंद लांबी ३७५ वरून ४०० पर्यंत सैल होते. शॉकची निवड एकदम मोकळी होते. ब्रँडेड शॉकच्या जोडीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. कोल्हापूरच्या वाचकांना मी हेच आधी करायला सांगितलं आहे.

लांब शॉक बसत नाही म्हणून ब्रॅकेट सरकवून तो जास्त आडवा करणं, हा गॅरेजमधला दुसरा उपाय. तो मला अजिबात पटत नाही. शॉक कलला की त्याची हालचालही कमी होते आणि त्याच्या जोराचा उभा भागही, त्यामुळे तोटा दोनदा होतो. उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला शॉक ॲक्सलवर पाऊणच काम करतो, ४५ अंशांवर निम्मं. महागडा शॉक घेऊन त्याचा निम्मा असर फुकट घालवायचा, हा कुठला व्यवहार? अनेक पिकअपमध्ये एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे झुकवलेला असतो, तो वेगळा प्रकार. जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर ॲक्सल पाट्यांना पीळ देतं आणि चाकं थरथरत उड्या मारतात, ते त्या मांडणीनं आवरलं जातं. ती मांडणी बदलू नका. डावा-उजवा शॉक वेगळ्या लांबीचा निघाला तर दोन्हींची मापं वेगवेगळी घ्या.

बसवून झाल्यावर खात्री करायची सोपी युक्ती आहे. गट्टूच्या टोकावर शाडूचा लिंबाएवढा गोळा चिकटवा, नेहमीच्या सामानासह नेहमीच्या खराब रस्त्यावर गाडी फिरवा आणि खाली वाकून बघा. गोळा चपटा झाला असेल तर गट्टू आपलं काम करतो आहे. गोळा तसाच गोल आहे आणि मागून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला असेल, तर शॉक त्याच दिवशी काढा.

पुढच्या चाकांचा हिशेब याहून वेगळा आहे. तिथे स्पेसर वर बसला की शॉकचा वरचा टेकाच खाली येतो. त्यामुळे बंद लांबीची गरज बदलते आणि तीही वाईट बाजूला, म्हणजे शॉक मूळचाच असला तरी गट्टूच्या आधी तळ गाठू शकतो. शिवाय स्ट्रट खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकतो, त्यामुळे २५ मिलिमीटरच्या स्पेसरनं गाडी जवळजवळ ४५ ते ५० मिलिमीटर उचलते आणि लोंबताना बॉल जॉइंट, सीव्ही जॉइंट यांचे कोन बिघडतात. पुढे याहून जाड स्पेसर घालू नये, एवढंच आज सांगतो.

पुढच्या आठवड्यात व्हॉल्व्ह नक्की. जादा पाट्यानं स्प्रिंग ३० टक्के कडक झाली तर शॉकचा जोर किती टक्के वाढवायचा, यावर तोवर विचार करून ठेवा. उत्तर ३० नाही, त्याच्या निम्म्याहूनही थोडं कमी आहे. आणि ज्यांनी कडक शॉक आधीच आणून ठेवले आहेत, त्यांनी ते खोक्यातच राहू द्यावेत.