मृत्यूचा तहकूब हुकूम

बंगळुराच्या पूर्वेस, महादेवपुऱ्यातील संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमध्ये जी काही तळी-डबकी अजून उरली असतील, त्यांच्या काठी पावसाळ्यात कोणी सवडीने उकिडवा बसला, तर बेडकाच्या पिलाची शेपटी दिवसेंदिवस आखूड होत गेलेली त्यास दिसेल. ती कोणी कुरतडीत नाही की ती कुजतही नाही. थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाचा इशारा मिळताच तिच्यातील पेशी एकामागून एक आपला अंत घडवून आणतात आणि त्यांचे द्रव्य उरलेल्या देहाच्या कामी येते.

या नियत मरणाचे नेमके वर्णन केर, वायली आणि करी या तिघांनी 1972 साली केले. पेशी आक्रसते, केंद्रकातील द्रव्य घट्ट गोळा होते, पृष्ठभागावर फुगवटे येऊन तिचे वेष्टनबद्ध तुकडे पडतात. आवरणाच्या आतल्या अंगास राहणारे फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेरच्या अंगास येते, आणि ती खूण ओळखून शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात. आग नाही, सूज नाही, पू नाही.

पुढचा उलगडा झाला तो जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीमुळे. त्याच्या उभयलिंगी देहात 1090 कायिक पेशी जन्मतात आणि त्यांतील ठरलेल्या 131 मरतात, हा हिशेब सल्स्टन व हॉर्विट्झ यांच्या चिकाटीने लागला. 1986 साली एलिस व हॉर्विट्झ यांनी दाखविले की सेड-3 आणि सेड-4 ही जनुके निकामी झाली तर ही मरणे घडतच नाहीत. मला मात्र अधिक अर्थपूर्ण वाटते ते सेड-9, कारण ते निकामी झाले तर जगावयाच्या पेशीही मरू लागतात. आत्महत्या हा लोकप्रिय पुस्तकांतला शब्द म्हणूनच मला पटत नाही: कॅस्पेज नावाची अंमलबजावणी करणारी विकरे बहुतेक पेशींत निद्रिस्त स्थितीत आधीपासून हजर असतात, हुकूम लिहून तयार असतो, आणि शेजाऱ्यांकडून येणाऱ्या संदेशांच्या बळावर त्याची तहकुबी सतत वाढवून घ्यावी लागते. लंडनच्या मार्टिन रॅफ यांनी 1992 साली हाच विचार आग्रहाने मांडला.

मनुष्यदेहात तहकुबीचे मुख्य काम बीसीएल-2 या प्रथिनाच्या कुटुंबाकडे आहे. ते मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणावर बसून बॅक्स व बॅक या छिद्रे पाडणाऱ्या भाऊबंदांना आवरून धरते. ही पकड सुटली की एरवी श्वसनाच्या कामावर नेमलेले सायटोक्रोम-सी बाहेर झिरपते, एपॅफ-1 च्या सात रेणूंशी जुळून त्याचे चक्र बनते, आणि त्या चक्रावर कॅस्पेज-9 व त्याच्या हातून कॅस्पेज-3 जागे होते. उलटपक्षी, बीसीएल-2 बेसुमार वाढले तर मरावयाच्या पेशी मरत नाहीत. मेलबर्नच्या व्हॉक्स, कोरी व अ‍ॅडम्स यांनी 1988 साली दाखविलेली ही गोष्ट कर्करोगाच्या विचारास नवे वळण देणारी ठरली.

शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठी माणसास परके नसलेल्या बंगळुरात तहकुबीच्या बाजूनेच मोलाचे काम झाले आहे. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात अपूर्वा सरीन यांच्या गटाने दाखविले की नॉच हे प्रथिन केंद्रकाबाहेर राहूनही पेशींचे मरण रोखते, आणि प्रतिकारसंस्थेच्या टी-पेशींच्या संदर्भात त्यास विशेष महत्त्व आहे. भारतीय विज्ञान संस्थेत सतीश राघवन यांच्या गटाने डिसारिब नावाचा छोटा रेणू शोधला. बीसीएल-2 वरील औषधे सहसा ज्या खाचेत बसतात ती सोडून हा मुख्यतः बीएच-1 या भागास चिकटतो व बॅकला मोकळे करतो. त्याचा प्रभाव पेशींवर व उंदरांच्या अर्बुदांवर दिसला आहे, एवढ्यावरून रोग्याच्या नातेवाइकांनी त्याची चौकशी औषधाच्या दुकानात करू नये; बीसीएल-2 वरचे जे औषध वैद्यांच्या हाती आहे ते व्हेनेटोक्लॅक्स, आणि त्यास अमेरिकेत 2016 साली मंजुरी मिळाली.