संगणकावरील बिले : दिलेले बिल बदलता कामा नये

एरंडोल गाव पूर्वी देशी जाड कागदासाठी प्रसिद्ध होते, अशी नोंद १९०८ सालच्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये आहे. कागदाच्या चोपडीत शाईने लिहिलेला आकडा खोडला तरी खोडल्याची खूण राहते. संगणकात जुना आकडा पुसून नवा टाकला की मागे काहीच दिसत नाही. म्हणून दुकानाची बिले संगणकावर नेताना एक गोष्ट आधी ठरवावी : ग्राहकाच्या हाती दिलेले बिल पुढे कधीही बदलता कामा नये. प्रोग्राम तयार घ्या किंवा जाणकाराकडून करून घ्या, ही कसोटी लावूनच घ्या.

डेटाबेस म्हणजे एकमेकांशी जोडलेले तक्ते. ही पद्धत आयबीएम कंपनीतील ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. बिलासाठी चार तक्ते लागतात. पहिला ग्राहकांचा : नाव, पत्ता, फोन, असल्यास जीएसटी क्रमांक. दुसरा मालाचा : वस्तूचे नाव, आजचा भाव, आजचा कर. तिसरा बिलांचा : क्रमांक, तारीख, ग्राहक, एकूण रक्कम. चौथा बिलातील ओळींचा : कोणत्या बिलात कोणती वस्तू, किती नग, काय भावाने. बिलात एक वस्तू असो वा पंधरा, प्रत्येकीची स्वतंत्र ओळ होते.

खरी चूक चौथ्या तक्त्यात होते. पुष्कळ जण ओळीत फक्त वस्तूचे नाव ठेवतात आणि भाव व कर मालाच्या तक्त्यातून उचलतात. काही दिवस हे ठीक चालते. पण आपल्या जिल्ह्यात घरोघरी ठाऊक असलेल्या ठिबक संचाचेच उदाहरण घ्या. त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. ऑगस्टमध्ये २,००० रुपयांचा माल विकला असेल, तर करासह बिल २,२४० रुपयांचे झाले. दुकानदाराने सप्टेंबरमध्ये मालाच्या तक्त्यात ५ टक्के भरले आणि ऑक्टोबरमध्ये तेच जुने बिल पुन्हा छापले, तर ते २,१०० रुपये दाखवील. ग्राहकाजवळ एक रक्कम, दुकानात दुसरी, आणि भरलेल्या विवरणपत्राशी मेळ नाही. म्हणून विक्रीच्या दिवशीचा भाव आणि कर बिलाच्या ओळीतच उतरवून ठेवावा. ग्राहकाचे त्या दिवशीचे नाव-पत्तेही बिलात उतरवावे.

बिलाचा क्रमांक हाताने भरू नये. तो प्रोग्रामनेच ओळीने द्यावा. जीएसटी नियमानुसार क्रमांक १६ अक्षरांपेक्षा लांब नसावा आणि एका आर्थिक वर्षात तोच क्रमांक दुसऱ्यांदा येऊ नये. बिल चुकले तर ते काढून टाकू नका. त्यावर 'रद्द' अशी नोंद करा, म्हणजे क्रमांकात खिंडार पडणार नाही. विकलेला माल परत आला तर जुन्या बिलाला हात न लावता स्वतंत्र क्रेडिट नोट करावी. वीज मध्येच गेली तर बिल आणि त्याच्या ओळी एक तर पूर्ण जतन व्हाव्यात, नाही तर मुळीच नाही. अर्धवट बिल राहू नये.

उधारीचा धंदा असेल तर पाचवा तक्ता जमेचा ठेवा. कापूस विकल्यावर शेतकरी टप्प्याटप्प्याने पैसे देतो. प्रत्येक जमा तारखेसह वेगळी लिहावी. बिलातील रक्कमच कमी करत गेलात, तर मूळ व्यवहार किती होता हे नंतर दोघांनाही सांगता येणार नाही.

नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावेत, असा कायदा आहे. २०२४-२५ ची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. म्हणजे त्या वर्षाची बिले ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हवीत. एवढी वर्षे एकच संगणक टिकेल, हा भरवसा धरू नये. रोज दुकान बंद करताना एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि ती दुकानात न ठेवता घरी न्या. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादे जुने बिल उघडूनही पाहा. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी.

प्रोग्रामचे पैसे देण्यापूर्वी विक्रेत्यासमोर एवढे करा : एक बिल काढा, मग त्या मालाचा भाव बदला आणि तेच बिल पुन्हा छापा. दोन्ही कागदांवर एकच रक्कम आली, तरच व्यवहार करा.